मागच्या बाजूचे १९ जॅक

व्हिडिओ गेमचा साधा कंट्रोलर त्याला हातात धरणाऱ्याविषयी किती गोष्टी गृहीत धरतो, हे ज्याला तो सहज वापरता येतो त्याच्या कधी लक्षातच येत नाही. खेळणाऱ्याला दोन हात आहेत, ते पाव किलोहून थोडे जास्त वजन तासभर छातीसमोर तोलून धरू शकतात, दोन्ही अंगठे एकमेकांवर अवलंबून न राहता दोन छोट्या दांड्या फिरवू शकतात, दोन्ही तर्जन्या मागचे ट्रिगर हवे तेवढेच दाबू शकतात, आणि हे सगळे एकाच वेळी, डोळे पडद्यावरून न हलवता करता येते, असे त्या प्लॅस्टिकच्या घडणीतच लिहिलेले असते. यातली एक अट मोडली तरी खेळ अवघड होतो आणि दोन मोडल्या तर बहुतेक वेळा संपतोच. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. गेमशी माझा संबंध आला तो माझ्या बहिणीच्या मुलामुळे, आणि गेल्या काही वर्षांत शारीरिक हालचालींवर मर्यादा असलेल्या खेळाडूंसाठी बनवलेल्या कंट्रोलरांविषयी जे वाचले, उघडून पाहिले आणि स्वतः जोडले, ते एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंच्या पेशी टिकून राहण्यासाठी लागणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या आजारात शरीरात तयारच होत नाही. त्याची जनुकीय नोंद एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आणि साधारण १० ते १२ वर्षांच्या वयात बहुतेकांना व्हीलचेअर लागते. गेमच्या दृष्टीने त्याचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. धडाजवळचे स्नायू आधी क्षीण होतात आणि बोटांची हालचाल सर्वांत शेवटपर्यंत टिकते. आज भाच्याला खांदा उचलता येत नाही, कोपर टेबलावर कोणीतरी ठेवून द्यावे लागते, पण एकदा हात नीट ठेवला की त्याची बोटे अगदी अचूक चालतात. अचूकपणा पुरेपूर आहे, जोर मात्र जवळजवळ नाही, आणि बोट जेमतेम काही मिलिमीटर सरकते.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचा विकार, त्याच्या एका प्रकारात परिस्थिती नेमकी याच्या उलट असते. अशा मुलाच्या हातात जोर भरपूर असतो, हालचालही मोठी असते, पण हात जिथे न्यायचा तिथेच जाईल याची खात्री नसते. त्याला लागते तळहाताएवढे बटण, टेबलाला घट्ट बसवलेले, चुकून हात लागला तर न दबणारे आणि एकामागोमाग दोनदा दबले तरी एकदाच मोजणारे. भाच्याला हे बटण दिले तर ते दबणारच नाही, आणि भाच्याचे बटण त्या मुलाला दिले तर पहिल्याच फटक्यात मोडेल. मानेत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाची गोष्ट तर आणखीनच वेगळी. त्याच्यापाशी डोके, हनुवटी, ओठ आणि श्वास एवढेच असते. सरकारी कागदावर हे तिघेही चलनवलनाच्या अपंगत्वाच्या एकाच मोठ्या रकान्यात बसतात, पण एकच कंट्रोलर तिघांना चालावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. हे ज्यांना लवकर कळले त्यांचीच उपकरणे टिकली, असे माझे मत झाले आहे.

जुन्या प्रयत्नांकडे पाहिले की हे स्पष्ट होते. निन्टेन्डोने १९८९ साली आपल्या त्या काळच्या यंत्रासाठी हातांशिवाय चालणारा कंट्रोलर काढला होता. तो छातीवर बांधायचा, हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून बटणे दाबायची. त्या काळाच्या मानाने ही कल्पना धाडसाची होती, पण ती एकाच प्रकारच्या शरीरासाठी होती आणि यंत्राची पिढी बदलली तशी तीही गेली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यातले केन यांकेलेविट्झ हे विमान उद्योगातले अभियंते तोंडाने चालवायचे कंट्रोलर स्वतः बनवून, मानेखाली लुळे पडलेल्या खेळाडूंना पुरवत होते. त्यांचे वय झाल्यावर हे काम बंद पडणार अशी वेळ आली, तेव्हा फ्रेड डेव्हिसन यांनी ते हाती घेतले आणि त्यातून क्वाडस्टिक हे आजही वापरात असलेले उपकरण तयार झाले. तोंडाने फिरवायची दांडी, फुंकर आणि ओढ ओळखणारी छिद्रे आणि ओठाची जागा ओळखणारा सेन्सर असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडे खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, हे पुण्यात पुष्कळांना ठाऊक असते. ओठ आणि मान यांच्यावर किती बारीक ताबा मिळवता येतो याची ज्यांना शंका असेल त्यांनी ती चित्रे पाहावीत.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्रासाठीच्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरची सुरुवातही जखमी सैनिकांपासूनच झाली. न्यू जर्सीतले यांत्रिकी अभियंते केन जोन्स यांची वॉरफायटर एंगेज्ड ही संस्था युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी एकेक कंट्रोलर कापून, जोडून, त्यांच्या शरीराच्या मापाने बनवून देत असे. त्यांनी बनवलेल्या एका कंट्रोलरचे छायाचित्र २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याने ट्विटरवर पाहिले. पुढच्या वर्षीच्या कंपनीअंतर्गत हॅकेथॉनमध्ये, म्हणजे थोड्या दिवसांत नव्या कल्पना करून पाहण्याच्या उपक्रमात, त्यावर काम सुरू झाले आणि अपंग खेळाडूंसाठी काम करणारी एबलगेमर्स, इंग्लंडमधली स्पेशलइफेक्ट, सेरेब्रल पाल्सी फाउंडेशन, कोलोरॅडोमधले क्रेग हॉस्पिटल अशा संस्थांच्या सल्ल्याने ते पुढे गेले. मे २०१८ मध्ये कंट्रोलर जाहीर झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ९९.९९ डॉलरला विक्रीस आला.

छायाचित्रांत डोळ्यांत भरतात ती वरची दोन मोठी काळी गोल बटणे, आणि त्यामुळे हा मोठ्या बटणांचा कंट्रोलर आहे अशी पुष्कळांची समजूत होते. माझ्या मते ती बटणे ही त्याच्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. भाच्याला तर ती दाबताच येत नाहीत. खरा कंट्रोलर मागच्या कडेला आहे. तिथे हेडफोनच्या पिनेच्या मापाचे, म्हणजे ३.५ मिलिमीटरचे, १९ जॅक, म्हणजे पिन घालायची छिद्रे, एका रांगेत आहेत आणि साध्या कंट्रोलरवरच्या प्रत्येक बटणासाठी त्यांतला एकेक राखलेला आहे. दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी पोर्ट आहे, डाव्या आणि उजव्या दांडीसाठी. प्रत्येक जॅकच्या वर, वरूनच वाचता येईल असे चिन्ह आहे आणि पिनेला वाट दाखवणारी लहानशी खाच आहे, म्हणजे डब्बा उचलून उलटा करण्याची गरज पडत नाही. खाली स्टँडला बसवण्यासाठी आट्यांची छिद्रे आहेत. २९ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद असा हा डब्बा मांडीवर किंवा व्हीलचेअरच्या ट्रेवर राहतो, वजन साधारण ५५० ग्रॅम, आणि तो कोणाला हातात धरावाच लागत नाही.

३.५ मिलिमीटरच्या जॅकची निवड हा यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. अपंग मुलांची खेळणी, बोलता न येणाऱ्यांसाठीची संवादयंत्रे, थेरपीच्या खोलीतले दिवे या सगळ्यांचे स्विच कित्येक दशकांपासून याच मापाच्या मोनो पिनेवर चालत आले आहेत. ज्या घरात असा एखादा स्विच आधीपासून होता तो पहिल्याच दिवशी गेमला लावता आला. कंपनीने नवे माप काढले असते आणि त्याचे पेटंट घेतले असते, तर हा कंट्रोलर संग्रहालयात शोभला असता, वापरात मात्र आला नसता. (संग्रहालयात तो गेलाच आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तो आपल्या संग्रहात घेतला आहे.) कोणाचे शरीर कसे असेल याचा अंदाज कंपनीने बांधला नाही. तिने फक्त जोडायची जागा दिली आणि बाकीचे ठरवणे खेळणाऱ्यावर आणि त्याच्या माणसांवर सोडले.

खोक्याविषयीही सांगितले पाहिजे. भाच्याची आत्या न्यू जर्सीहून येताना कंट्रोलर घेऊन आली तेव्हा भाच्याला खोके स्वतः उघडायचे होते. खोक्याला बाहेर आलेले फासे आहेत, त्यांत बोट किंवा मनगट अडकवून ओढले की झाकण सरकते. वेष्टने दातांनी फाडावी लागतात अशी तक्रार अपंग खेळाडूंनी केली होती, म्हणून दातांची गरज पडू नये हा नियमच ठरवून खोके बनवले गेले. भाच्याने बोट अडकवले, त्याच्या बाबांनी त्याचे मनगट धरून हात मागे नेला आणि झाकण उघडले. हे अगदी स्वतःचे स्वतः उघडणे म्हणता येणार नाही, पण नेहमी खोके दुसऱ्याच्या मांडीवर उघडले जाते आणि तो बघत बसतो, तसे या वेळी झाले नाही.

आता स्विच. तत्त्व अगदी साधे आहे. पिनेचे टोक आणि तिचे बूड यांच्या तारा एकमेकींना टेकल्या की यंत्राला वाटते बटण दाबले. धन-ऋण बघायचे नाही, बॅटरी नाही. त्यामुळे दोन धातू एकमेकांना टेकवणारी कोणतीही वस्तू चालते. माझ्या विद्यार्थ्यांनी एकदा पुठ्ठा आणि अॅल्युमिनियमची फॉइल यांचा स्विच करून दाखवला होता आणि तो व्यवस्थित चालला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने चालणारे लहान स्विच, आणि मोनो पिना किरकोळ किमतीत मिळतात. लांब पत्र्याची पट्टी असलेला मायक्रोस्विच घ्यावा, कारण पट्टी जितकी लांब तितका तिच्या टोकाला कमी जोर पुरतो. स्विचच्या सामाईक (COM) आणि नेहमी उघड्या राहणाऱ्या (NO) टोकांना तारा सोल्डर करायच्या, दुसरीकडे पिन, की झाले. अर्ध्या तासाचे काम आहे आणि ज्याला सोल्डरिंग येते त्याला त्यात शिकण्यासारखे काही नाही.

शिकण्यासारखे आहे ते पुढे, स्विच कुठे आणि कसा ठेवायचा यात. बटण म्हटले की ते वरून खाली दाबायचे असे आपण धरून चालतो. भाच्याच्या बोटाला खाली दाबणे जमत होते, पण दाबल्यानंतर वर उचलणे जमत नव्हते. या आजारात बोट मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे बोट पट्टीवर आपल्या वजनानेच पडून राही आणि गेमला वाटे की बटण सतत दाबलेलेच आहे. भाच्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या, बाईंनी हे पाहताच स्विच आडवा करायला सांगितले. आता पट्टी बोटाच्या आतल्या बाजूला उभी राहते, बोट तिला बंदुकीच्या चापासारखे आपल्याकडे ओढते, आणि सोडले की पट्टीची स्प्रिंगच बोटाला मागे ढकलते. बोटाचे वजन टेबल घेते. त्यांचे हे एक वाक्य माझ्या साऱ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा उपयोगाचे ठरले. ज्यांना घरी असे काही करायचे असेल त्यांनी सोल्डरिंगची बंदूक तापवण्याआधी थेरपिस्टला बोलवावे.

भाच्याला मोटारींच्या शर्यती आवडतात आणि फोर्झा होरायझन ५ हा मेक्सिकोत घडणारा गेम तो खेळतो. शर्यतीत तीन गोष्टी सतत लागतात: सुकाणू, वेग आणि ब्रेक. वेगाचे बटण धरून ठेवायला लागते आणि मिनिटाभरात बोट थकते, म्हणून मध्ये एक लहान मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी चिप, बसवला. एकदा स्विच ओढला की वेग चालू, पुन्हा ओढला की बंद. त्याचा आणि जॅकचा संबंध ऑप्टोकप्लरमधून, म्हणजे प्रकाशातून संकेत पोचवणाऱ्या भागातून, जोडला आहे, म्हणजे माझ्या सर्किटमध्ये काही बिघडले तरी महागड्या कंट्रोलरला झळ लागू नये. सुकाणूसाठी साध्या कंट्रोलरची दांडी त्याच्या अंगठ्याला फारच जड जाते. हातात धरायच्या जुन्या गेमयंत्रांत असते तशी चपटी, सरकणारी दांडी हलकी असते. ती आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या लहान सर्किट बोर्डांच्या घराण्यातल्या, यंत्र ज्याला जॉयस्टिक म्हणून ओळखते अशा बोर्डाला जोडून यूएसबीत लावली. तरीही तो ती पूर्ण टोकापर्यंत नेऊ शकत नव्हता. पूर्ण टोकापर्यंत नेण्याचा हट्ट मुळात कशाला, हा प्रश्न इथे विचारायचा असतो. प्रोग्रॅममध्ये त्याच्या अंगठ्याचा पल्ला मोजून घेतला आणि तेवढ्या पल्ल्यालाच पूर्ण वळण मानले. दांडी एक तृतीयांश सरकते, चाके पूर्ण वळतात. मधली थोडी जागा, जिथे अंगठा नुसता कापतो, ती दुर्लक्षित केली. या दोन आकड्यांनी जे साधले ते कोणत्याही बाजारी दांडीने साधले नसते.

ब्रेक काही काळ त्याचे बाबा सांभाळत. एक्सबॉक्सवर २०१७ पासून कोपायलट नावाची सोय आहे. दोन कंट्रोलर मिळून गेमला एकच दिसतात आणि दोघांपैकी कोणीही कोणतेही बटण दाबू शकतो. ही सोय फार चांगली आहे, पण तिच्यामुळे घरात वादही पुष्कळ झाले, कारण माझे मेहुणे वळण दिसले रे दिसले की ब्रेक दाबत. "मावशी, बाबांना सिंहगड रस्त्याच्या गर्दीची सवय आहे," असे म्हणून भाच्याने शेवटी तो स्विचही आपल्या दुसऱ्या हाताकडे घेतला.

उपकरण कितीही चांगले असले तरी गेम बनवणाऱ्याने साथ दिली नाही तर त्याचा उपयोग अर्धाच राहतो. भराभर एकच बटण दाबायला लावणारे प्रसंग, दोन बटणे एकत्र धरून तिसरे दाबण्याची सक्ती, बटणांची जागा बदलू न देणे, या गोष्टी कोणत्याही स्विचने सुटत नाहीत. २०२० साली आलेल्या द लास्ट ऑफ अस भाग दोनमध्ये साठाहून अधिक सुलभतेच्या सोयी होत्या आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांना या विषयाकडे काणाडोळा करणे अवघड झाले. फोर्झामध्ये एकट्याने खेळताना साऱ्या गेमचा वेगच कमी करता येतो. इतरांबरोबर इंटरनेटवर खेळताना ती सोय अर्थातच चालत नाही आणि भाच्याला इतरांबरोबरच खेळायचे असते, तेव्हा तो बहुधा मधल्या क्रमांकावर येतो आणि त्यावर खूश असतो. अशा सोयी म्हणजे लबाडी, असे म्हणणारे लोक अधूनमधून भेटतात. चष्मा लावून कॅरम खेळणाऱ्याला ते काही म्हणत नाहीत, म्हणून मीही त्यांना फारसे उत्तर देत नाही.

प्रत्येकाला वेगळे उपकरण हवेच असते असेही नाही. ब्रॉली लेग्ज या नावाने ओळखला जाणारा टेक्सासचा माईक बेगम सांध्यांच्या जन्मजात आजारामुळे हात वापरू शकत नव्हता. तो साधाच कंट्रोलर तोंडाने आणि चेहऱ्याने चालवून स्ट्रीट फायटरच्या स्पर्धांमध्ये धडधाकट खेळाडूंना हरवत असे. २०२४ साली तो गेला. त्याच्याइतके कसब सगळ्यांकडे असेल असे मानणे हा मात्र अन्याय आहे, आणि 'तो करू शकतो मग तू का नाही' हे वाक्य अपंग मुलांच्या घरांत गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकू येते.

किमतीचा प्रश्न टाळता येत नाही. १०० डॉलरचा तो डब्बा मोठी बटणे सोडली तर स्वतः फारसे काही करत नाही, आणि परदेशी बाजारात एकेक चांगला तयार स्विच ५० डॉलरच्या पुढे जातो. सहा-सात स्विच, दोन दांड्या आणि बसवण्याचे स्टँड धरले की मूळ किमतीच्या कित्येक पट खर्च होतो. लॉजिटेकने नोव्हेंबर २०१९ मध्ये लहान, मोठी आणि हलक्या स्पर्शाची बटणे आणि दोन ट्रिगर मिळून १२ नगांचा संच, वेल्क्रोच्या दोन पाट्यांसह, ९९.९९ डॉलरला काढला तेव्हा हा भार बराच हलका झाला. वेल्क्रोच्या पाट्या ही त्यातली खरी गंमत आहे. आज जिथे बटण लावले तिथून ते उद्या दोन बोटे सरकवता येते. व्हीलचेअरचीच जॉयस्टिक गेमसाठी वापरू देणारा फ्रीडम विंग नावाचा जोडही एबलगेमर्स आणि एटीमेकर्स यांनी बनवला आहे. जी दांडी माणूस दिवसभर हाताळतो तिच्यावर त्याचा हात आधीच बसलेला असतो, तेव्हा यासारखी सरळ कल्पना दुसरी नाही. कॅनडातल्या मेकर्स मेकिंग चेंजसारख्या उपक्रमांतून थ्रीडी प्रिंटरवर छापता येतील असे स्विच आणि दांड्यांचे आराखडे विनामूल्य मिळतात. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत थ्रीडी प्रिंटर असतातच, आणि गणपतीच्या मूर्ती व कीचेन छापून झाल्यावर ते रिकामे असतात.

सोनीने आपला अॅक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी आणला. तो गोल आहे, मध्ये एक मोठे बटण, भोवती आठ बटणे आणि लांबी कमीजास्त करता येणारी एक दांडी. बटणांवरची टोपणे बदलता येतात, आणि असे दोन कंट्रोलर व एक साधा मिळून एकच असल्यासारखे चालतात. दिसायला तो देखणा आहे आणि खोक्यातून काढल्याबरोबर वापरता येतो, ही मोठी गोष्ट आहे. एका हाताने खेळणाऱ्या पुष्कळांना तो अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरपेक्षा सोयीचा वाटेल. पण त्याच्यात ३.५ मिलिमीटरचे जॅक फक्त चार आहेत, आणि हात सपाट जागेवर फिरवता येतो हे त्याच्या आकारात गृहीत धरलेले आहे. ज्याचा हात फिरत नाही, फक्त बोट हलते, त्याच्या दृष्टीने भोवतालची आठ बटणे असून नसल्यासारखी. माझे मत मागच्या बाजूला जास्त जॅक असलेल्या डब्ब्याकडेच झुकते.

आणि एका कंपनीचा डब्बा दुसरीच्या यंत्राला थेट चालत नाही, हे दुखणे अजून तसेच आहे. मध्ये तिसऱ्याच कोणाचे तरी रूपांतर करणारे उपकरण घालावे लागते. २०२३ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली बाहेरची उपकरणे एक्सबॉक्सवर बंद करायला सुरुवात केली, तेव्हा फसवणूक रोखण्याच्या त्या उपायात अपंग खेळाडूंची जोडणीही भरडली जाईल अशी चिंता त्या खेळाडूंनी उघडपणे व्यक्त केली होती. ज्या कंपनीने दार उघडले तिनेच ते नकळत ओढून घ्यावे, हा विरोधाभास आहे खरा.

भारतात या साऱ्याकडे चैन म्हणून पाहिले जाते. सरकारी मदत म्हटली की तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय हीच चित्रे डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांची निकड कोणी नाकारणार नाही. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम २९ संस्कृती आणि करमणूक यांविषयीच आहे, आणि करमणुकीत सहभागी होता यावे म्हणून तंत्रज्ञान व सहायक साधने विकसित करण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि सेरेब्रल पाल्सी दोन्ही त्या कायद्याच्या २१ प्रकारांत येतात. कायद्यात जागा आहे. बालविकास केंद्रांच्या खोल्यांत एक कंट्रोलर आणि दहा स्विच ठेवायला फार पैसे लागणार नाहीत. आज मात्र आयात शुल्क भरून किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाईकाच्या बॅगेतून ही वस्तू येते, आणि ज्यांचे असे नातेवाईक नाहीत त्यांना ती अस्तित्वात आहे हेही कळत नाही.

दहावीच्या वर्षी गेम हवेत कशाला, असे आम्हालाही विचारले जाते. भाच्याचे शाळेतले मित्र संध्याकाळी मैदानावर असतात आणि रात्री साडेआठला ऑनलाइन येतात. त्या तासात त्याची व्हीलचेअर कोणाला दिसत नाही, आणि तो लंगडी-खोखोच्या पंचाप्रमाणे कडेला बसलेला नसतो. स्पेशलइफेक्ट ही संस्था २००७ पासून इंग्लंडमध्ये अपंगांना असे खेळता यावे यासाठीच काम करते आहे. नुसत्या नजरेने माइनक्राफ्ट खेळता यावे म्हणून तिने तयार केलेले सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. बोटेही थांबलेल्यांसाठी ती वाट शिल्लक राहते, हे आम्ही नोंदवून ठेवले आहे, कारण ड्युशेन थांबत नाही.

म्हणूनच आमची मांडणी कधीच पक्की नसते. गेल्या पावसाळ्यात उजव्या तर्जनीला पट्टी ओढणे जड जाऊ लागले, तेव्हा तो स्विच मधल्या बोटाकडे गेला आणि प्रोग्रॅममधला पल्ल्याचा आकडा आणखी खाली आला. डब्ब्यात फक्त पिन एका जॅकमधून काढून दुसऱ्यात घालावी लागली. सध्या गाडी मागे घेण्याचे बटण मानेकडे न्यायचे काम चालू आहे. डोके डावीकडे टेकवले की दबेल असा स्विच हेडरेस्टच्या नळीला बसवायचा आहे, त्याची पट्टी जरा जाड घेतली आहे आणि वर फोमचा तुकडा आहे. क्लॅम्प वेल्डरने नळीपेक्षा दोन मिलिमीटर मोठा केला, म्हणून आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाहणार आहोत. थेरपिस्ट बाई शनिवारी येऊन त्याची उंची ठरवतील.